मांजर आणि उकिरडा

मांजर पाखरे मारते, यात वाद नाही. पोट भरलेले असले तरी ते शिकार करते. दाराशी ठेवलेल्या दूधभाकरीने ही वृत्ती शमत नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार त्या देशात मांजरे वर्षाकाठी 130 ते 400 कोटी पक्षी मारतात. त्यांतील बहुतांश बेवारशी मांजरांच्या तोंडी पडतात. तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील दयाळ, सरडे, बेडूक यांना हे भय नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते.

परंतु परदेशातील निष्कर्ष जसेच्या तसे येथे लावणेही चूक. न्यूझीलंडच्या पाखरांना मांजर ठाऊकच नव्हते; आपल्याकडची पाखरे रानमांजराच्या धाकातच वाढली. येथे प्रश्न आहे तो संख्येचा, आणि ही संख्या कशावर पोसली जाते याचा.

कुळगाव-बदलापूरची वस्ती 2001 साली लाखाच्या आत होती. 2011 च्या जनगणनेत ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. भातखाचरे बुजवून इमारती उठल्या, कचऱ्याची व्यवस्था मात्र मागे राहिली. उकिरड्यावर उंदीर येतात, उंदरांमागे मांजरे. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांतून वाढलेल्या उल्हासनगरात, दाट वस्तीतील गरिबाच्या घरी मांजर हे धान्याची राखण करणारे जनावर आहे. (हौसेने पिल्लू विकत आणून पुढे सोसायटीच्या आवारात सोडून देणारे निराळे, त्यांची भूतदया जिन्यापाशीच संपते.) शिवाय पाण्यातल्या जिवांचा हिशेब मांजराच्या नावे कसा मांडणार? वालधुनीतील मासे मांजराने खाल्ले नाहीत, रसायनांनी मारले. उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली महापालिकांनाही दंड ठोठावला होता.

मांजरे पोत्यात घालून बारवीच्या रानात सोडण्याचा उपाय अनेकांना सुचतो. तो घातक आहे. तेथे ती पाखरांवर तुटून पडतीलच, आणि रानमांजरांना आपले रोगही देतील.

2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. मांजरांसाठीही तशी मोफत सोय हवी, कचरा रोज उचलला जावा, या मागण्या कार्यकर्त्यांनी वॉर्डावॉर्डांतून लावून धरल्या पाहिजेत. चैत्रापासून आषाढापर्यंत, टिटवीच्या विणीच्या दिवसांत, घरची मांजर रात्री आणि पहाटे आत ठेवायला मात्र कोणत्याही ठरावाची वाट पाहावी लागत नाही.