बॉस, मोडी येते का?

पुण्यात लॉ कॉलेज रोडला आपण जातो ते कॉफीसाठी. पण तिथल्याच भांडारकर संस्थेत भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेला ऋग्वेद आहे. फिल्म अर्काइव्हमध्ये फाळक्यांच्या सिनेमांची रिळं. शिवाय पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले मोडी कागद!

झाडाची साल, सेल्युलॉइड, कागद... प्रत्येकाचा शत्रू वेगळा. नायट्रेटची जुनी रिळं झटकन पेटतात. २००३च्या आगीत पुण्यात शेकडो सिनेमे गेले. मोडी कागद मात्र शाबूत राहूनही हरवू शकतो, वाचणाराच नसेल तर! नुसत्या स्कॅनिंगनं हा प्रश्न सुटत नाही.

म्हणून मी म्हणते, सालसा क्लास जरूर लावा, पण थोडे वीकेण्ड मोडीलाही द्या. पुण्यात वर्ग भरतात. पणजोबांच्या जमिनीचे कागदही मोडीतच निघतील, काय सांगावं!