गोळी म्हणजे दारूचा उतारा नव्हे

जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हा युक्तिवाद भलताच गाजला. छत्तीसगडातल्या पोलादनगरी भिलाईच्या टाउनशिपमधल्या मराठी बैठकींतही तो ऐकू येतो. त्याच्या जोडीला एक तोडगा असतोच: झोपताना डोकेदुखीची गोळी घ्यायची, म्हणजे सकाळी फर्स्ट शिफ्टला जायला मोकळे.

आधी हिशोब पाहू. 12 टक्के अल्कोहोल असलेल्या 150 मिलिलिटर वाइनमध्ये 18 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या 42 मिलिलिटरमध्येही जवळपास तेवढेच. द्राक्षांनी या बेरजेत काही सूट मिळत नाही.

डोकेदुखीचे खापर सल्फाइटवर फोडणारेही पुष्कळ. पण तक्रार बहुधा रेड वाइनची असते आणि सल्फाइट अनेकदा व्हाइट वाइनमध्येच जास्त असते. 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी द्राक्षाच्या सालीतल्या क्वेर्सेटिनकडे बोट दाखवले. शरीरात त्याचे जे रूप बनते, ते दारूपासून तयार होणाऱ्या अॅसिटाल्डिहाइडचा निचरा करणाऱ्या एन्झाइमला अडवते, असे प्रयोगशाळेत दिसले. माणसांवरची पडताळणी मात्र बाकी होती.

आता गोळी. ‘पॅरासिटामॉल निरुपद्रवी, पोटाला लागत नाही,’ हे अर्धेच खरे. यकृतात तिच्या थोड्या भागाचे विषारी द्रव्य होते आणि ग्लुटाथायोन ते निष्प्रभ करते. रोज पिणाऱ्याच्या यकृतात हे विष बनवणारे एन्झाइम वाढलेले असते, ग्लुटाथायोन घटलेले. त्यामुळे ‘उतरल्यावर घेतली की धोका टळला’ हेही चूक; तोवर वाढलेले एन्झाइम मोकळे होऊन गोळीवरच काम करू लागते.

अमेरिकेत अँतोनियो बेनेदी यांच्यावर हीच वेळ आली. जेवणाबरोबर नियमित वाइन घेणाऱ्या या गृहस्थांनी 1993 मध्ये फ्लूसाठी काही दिवस टायलेनॉल म्हणजे पॅरासिटामॉल घेतले. यकृत निकामी होऊन प्रत्यारोपण करावे लागले. कंपनीवरच्या दाव्यात ज्युरीने पुढल्या वर्षी सुमारे 88 लाख डॉलरची भरपाई दिली. 1998 मध्ये तिथल्या औषध नियामकाने अशा वेदनाशामकांवर दारूविषयीचा इशारा सक्तीचा केला.

म्हणून आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन बरे, असेही नाही. दारूसोबत त्यांनी जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. भट्टीजवळ घाम गाळून अंगातले पाणी आटलेल्या कामगाराच्या मूत्रपिंडांवर आयबुप्रोफेनचा ताण आणखी पडतो. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. वर डोलो घेतली की पॅरासिटामॉल दुबार पोटात जाते.

एखाद्या निरोगी माणसाने कधीतरी एका ग्लासानंतर योग्य मात्रेत एक गोळी घेतली म्हणजे यकृत गेले, असे म्हणणेही अतिशयोक्तीच. आक्षेप आहे तो गोळीला पिण्याचा परवाना समजण्यावर. मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापून दोन गोळ्या हातावर ठेवतो. बारीक अक्षरांतल्या सूचना बहुधा उरलेल्या तुकड्यासोबत दुकानातच राहतात.

भिलाई कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरात शंकर गुहा नियोगींच्या कामगार संघटनेने दारू हा युनियनचाच प्रश्न मानून दारूबंदीची चळवळ चालवली. गोळ्यांचाही प्रश्न तसाच उघड्यावर यायला हवा. गोळी देताना दुकानदाराने पिण्याबद्दल विचारावे, गिऱ्हाइकाने खरे सांगावे. डोके दुखलेच तर पाणी, जेवण आणि झोप आधी. काळी शौच, रक्ताची उलटी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर थेट इस्पितळ गाठावे. पॅरासिटामॉल मात्रेबाहेर गेले असेल, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये: त्यावरचे अॅसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत दिले तर सर्वांत चांगले लागू पडते.