मोठे दिवस दूरच्यांसाठी सोडा

पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन घ्यावयाचे तर पेणच्या किंवा रोह्याच्या माणसाला विशेष सिद्धता करावी लागत नाही. सकाळी घरून निघावे, वाकण फाट्याला महामार्ग सोडून अंबा नदीच्या खोऱ्यात शिरावे आणि सरसगडाच्या पायथ्याशी देवासमोर हात जोडून दुपारच्या जेवणाला घरी परतावे, इतके हे क्षेत्र आपल्या अंगणातले आहे. हे सान्निध्य भाग्याचे खरे; परंतु त्या भाग्यासोबत एक कर्तव्यही येते, आणि त्याचा विचार आपल्या दोन्ही तालुक्यांत व्हावा तितका झालेला नाही. अंगारकीला, माघी गणेश जयंतीला किंवा सुट्टीतल्या रविवारी देवळाबाहेर जी रांग लागते, तिच्यात विदर्भातून वा खानदेशातून रात्रभर प्रवास करून आलेले वृद्ध दांपत्य उभे असते, आणि वर्षातून कोणत्याही दिवशी येऊ शकणारे आपणही त्यांच्यापुढे उभे असतो. माझे म्हणणे एवढेच की, ज्यांना देव जवळ आहे त्यांनी मोठे दिवस ज्यांना देव दूर आहे त्यांच्यासाठी स्वेच्छेने मोकळे सोडावेत.

शनिवार-रविवारची दाटी कशामुळे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या सूचनेतील औचित्य पटेल. मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, महड आणि पाली ही आठही स्थाने दोन दिवसांत उरकण्याचा बेत करून निघालेल्या बसगाड्यांना आठवड्याच्या अखेरीवाचून दुसरा काळ सापडत नाही. त्यातच अलिबागकडे जाणाऱ्या सहलकरूंची वाहने वडखळपर्यंत याच रस्त्यावर असतात, आणि ज्या महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण 2011 साली सुरू होऊन वर्षानुवर्षे रखडत राहिले, त्याची अवस्था पेण, नागोठणे, कोलाड येथील रहिवाशांस सांगावयास नको. बाहेरून आलेल्या यात्रेकरूला वार बदलता येत नाही. आपल्याला तो बदलता येतो. धाटावच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या पुष्कळांची साप्ताहिक सुट्टी रविवारी येतच नाही, आणि पेण-हमरापूरच्या मूर्तिशाळांतील हातांना भाद्रपद उलटला म्हणजे थोडी उसंत मिळते. ज्यांना रविवारखेरीज दिवसच मोकळा नाही, त्यांना मात्र कोणी बोल लावू नये.

यावर आक्षेप येतो तो तिथीच्या माहात्म्याचा, आणि तो हलक्याने झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु संकष्टीच्या व्रताचे अंग काय आहे ते पाहावे: दिवसभर उपोषण, सायंकाळी पूजन, चंद्रोदयानंतर नैवेद्य आणि मग पारणे, यांतले सर्व काही घरच्या देवघरासमोर यथासांग होते. तिथी घरी पाळावी आणि क्षेत्राचे दर्शन अन्य दिवशी घ्यावे, यात व्रताचा भंग कोठेच होत नाही. पंढरीची परंपरा तर याहून उदार आहे. आषाढीच्या महासागरात गाभाऱ्यापर्यंत पोहोचणे अशक्य झाले असता जो वारकरी नामदेवाच्या पायरीला वंदन करून आणि कळसाचे दर्शन घेऊन परत फिरतो, त्याची वारी अपुरी राहिली असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

आपल्या प्रदेशाला हा विचार परका वाटण्याचे तर काहीच कारण नाही. रोह्याचे ग्रामदैवत श्री धावीर महाराज दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पालखीत बसून नगरप्रदक्षिणेस निघतात. सशस्त्र पोलिसांनी त्यांना सलामी देण्याची इंग्रजी अमदानीपासूनची वहिवाट आजही चालू आहे. एका गाभाऱ्यात सगळ्या गावाने एकाच वेळी लोटावे त्याऐवजी देवानेच आळीआळीतून, दारादारांतून जावे, ही ज्या पूर्वजांनी घालून दिलेली रीत, त्यांना दर्शन वाटून देण्याची कला उत्तम अवगत होती, असेच म्हणावे लागेल. पेणची कीर्ती तर पूर्वनियोजनावरच उभी आहे: परदेशातील मराठी कुटुंबांसाठीच्या मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी येथून जहाजाने रवाना होतात, तेव्हा कोठे त्या वेळेवर पोहोचतात. ज्या गावाला मूर्तीच्या प्रवासाचा असा बेत आखता येतो, त्याला आपल्या यात्रेचा बेत आखणे अवघड जाऊ नये.

हा केवळ सोयीचा प्रश्न असता तर एवढा विस्तार केला नसता. 2003 च्या ऑगस्ट महिन्यात नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन 39 माणसे दगावली. त्यानंतर दीडच वर्षाने, 25 जानेवारी 2005 रोजी, शाकंभरी पौर्णिमेला वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट आणि दुकानांना लागलेली आग यांच्या तडाख्यात सापडून सुमारे तीनशे भाविक प्राणांस मुकले. दोन्ही ठिकाणी माणसे श्रद्धेनेच आली होती, आणि दोन्ही ठिकाणी अपुऱ्या जागेत एकाच वेळी लोटलेला समुदाय हाच काळ ठरला. पोलिसांचा बंदोबस्त कितीही चोख असला तरी रांगेतील माणसांची संख्या त्याला कमी करता येत नाही. ती कमी करण्याचा अधिकार रांगेत उभे राहणाऱ्याच्याच हाती आहे.

शिवाय, या त्यागाचे फळ त्याग करणाऱ्यालाच अधिक मिळते. आठवड्यातील एखाद्या साध्या दिवशी सकाळी लवकर पालीस जावे. वहिवाटीप्रमाणे आधी मागील धुंडीविनायकाला नमस्कार करून मग बल्लाळेश्वरासमोर यावे. मोरोबादादा फडणीसांनी 1770 च्या सुमारास लाकडी देवळाच्या जागी हे पाषाणाचे पूर्वाभिमुख मंदिर उभारले, ते दक्षिणायनात उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीवर पडावेत अशा योजनेने. आणि वसईच्या 1739 च्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी आणलेल्या घंटांपैकी एक येथे आहे. हे सारे डोळे भरून पाहावयास जी स्वस्थता लागते, ती अंगारकीच्या रेट्यात कोणाला लाभणार? महडलाही त्याच दिवशी धावत जाण्याचे प्रयोजन नाही. 1690 मध्ये तळ्यात मूर्ती सापडली आणि 1725 मध्ये रामजी महादेव बिवलकरांनी मंदिर बांधले, त्या वरदविनायकासाठी पेण-खोपोली रस्त्याने स्वतंत्र दिवस काढावा. घरात वृद्ध किंवा लहान मुले असतील तर हा नियम विशेषच पाळावा, आणि पावसाळ्यात अंबेला पूर आला असता जाण्याचा हट्ट धरू नये.

संस्थाने आणि सरकारी कचेऱ्या यांनीही थोडी तजवीज करावी. पुढील महिन्यातील गर्दीच्या तिथी, दर्शनाच्या वेळा आणि वाहनतळाची व्यवस्था यांचा एक फलक पेण व रोहे येथील एस.टी. स्थानकांवर दर महिन्यास लावला, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. आणि शाळांच्या सहली मधल्या वारी नेण्याचा दंडक शिक्षण खात्याने घातला, तर मुलांनाही देऊळ नीट पाहावयास मिळेल. तथापि हुकमाची वाट पाहात बसण्याचे कारण नाही. येत्या अंगारकीला पेणच्या आणि रोह्याच्या गृहस्थांनी घरीच चंद्रोदयाची पूजा करावी, आणि त्याच आठवड्यात सवडीच्या दिवशी पालीस जावे. आपण रिकाम्या ठेवलेल्या जागी एखादा दूरचा यात्रेकरू तासभर आधी देवापुढे पोहोचेल, आणि ती सेवाही बल्लाळेश्वराचीच होय.