रुग्ण नेमका कोणत्या खोलीत?

मनगटावरील पट्ट्यातून निघणाऱ्या बिनतारी संदेशावरून रुग्णाचा ठावठिकाणा संगणकाच्या पडद्यावर दाखविणारी यंत्रणा मोठ्या शहरांतील रुग्णालयांना आता अपरिचित राहिलेली नाही. तिची अचूकता मीटरमध्ये सांगण्याचा प्रघात आहे. ‘तीन मीटरपर्यंत अचूक’ हे शब्द भारदस्त खरे. परंतु दोन खोल्यांमधील भिंत जेमतेम नऊ इंचांची असते आणि दोन मजल्यांतील अंतरही तीन-साडेतीन मीटरच. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले वृद्ध गृहस्थ जिन्याकडे निघाले असता पडदा त्यांना खाटेवरच दाखवीत असेल, तर अशी यंत्रणा नसलेलीच बरी. ती नसते तेव्हा परिचारिका निदान स्वतःच्या डोळ्यांनी पाहते.

ही चूक होते कशी? उपग्रहांकडून येणारे संदेश इतके क्षीण असतात की, सिमेंटच्या छतांखाली त्यांचा भरवसा धरता येत नाही. म्हणून इमारतीतील वाय-फायच्या लहरींचा आधार घेण्याची कल्पना पुढे आली. परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन या भारतीय वंशाच्या संशोधकांनी मायक्रोसॉफ्टमध्ये ‘रडार’ या नावाने २००० साली मांडलेली पद्धत या क्षेत्रात पायाभूत मानली जाते. इमारतीत ठिकठिकाणी लहरींची तीव्रता आधी मोजून ठेवायची आणि पुढे येणारा संदेश त्या नोंदींशी ताडून पाहायचा, असे तिचे स्वरूप. दोन ते तीन मीटरांची अचूकता तीत साधली.

परंतु ही मोजणी बहुधा इमारत रिकामी असताना होते, आणि खरी गोम येथेच आहे. मानवी शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असते व वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेते. आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयात भेटीच्या वेळी एका खाटेभोवती चार-पाच आप्त उभे असतात, दोन खाटांमध्ये जमिनीवर गादी टाकलेली असते, लोखंडी कपाटे व प्राणवायूच्या नळकांड्या हलविल्या जातात. रात्री काढलेला नकाशा सायंकाळी पाच वाजता निरुपयोगी ठरतो. क्ष-किरण विभागातील शिशाचे अस्तर तर लहरींची वाटच अडविते.

यावर उपाय आहेत. तीव्रतेऐवजी संदेशाला लागणारा वेळ मोजणारे ‘अल्ट्रा वाइडबँड’ तंत्र बरेच अधिक विश्वसनीय आहे. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे तीस सेंटिमीटर जाते, तेव्हा वेळ तितक्या बारकाईने मोजता आला की अंतर वीतभर चुकीने कळते. मात्र त्यासाठी छतावर स्वतंत्र ग्राहक बसवावे लागतात व खर्च वाढतो. त्याहून साधा मार्ग जुनाच आहे. केंब्रिज येथील ‘ॲक्टिव्ह बॅज’ या १९९२ सालच्या प्रयोगात अवरक्त किरण वापरले होते. हे किरण भिंतीपार जात नाहीत. हाच त्यांचा दोष आणि येथे तोच गुण! ज्या खोलीत संदेश मिळाला, त्याच खोलीत माणूस आहे. पट्टा पांघरुणाखाली गेला की मात्र हे किरण अडतात, म्हणून रेडिओलहरींची जोड हवी.

माणूस भिंतीतून आरपार जाऊ शकत नाही, एवढे साधे ज्ञान संगणकास दिले तरी पडद्यावरील ठिपक्याच्या पुष्कळशा उड्या थांबतात. पण ठिपका स्थिर ठेवण्याचा अट्टाहास केल्यास तो मागे रेंगाळतो, आणि ते काही सेकंद जिन्यापाशी महागात पडतात.

लहरींची शक्ती वाढवून अचूकता साधू पाहणाऱ्यांनी ॲम्स्टरडॅमचे २००८ सालचे परीक्षण विसरू नये. रेडिओ-ओळखपट्ट्यांच्या यंत्रणा अतिदक्षता विभागातील उपकरणांजवळ नेल्या असता १२३ चाचण्यांपैकी ३४ वेळा उपकरणांत अडथळा आला आणि त्यांपैकी २२ प्रसंग रुग्णास धोकादायक ठरू शकणारे होते. सुदैवाने चाचणीच्या वेळी कोणी रुग्ण त्यांना जोडलेला नव्हता.

तेव्हा रुग्णालयांच्या विश्वस्तांनी निविदेतील मीटरची अट काढून टाकावी. भेटीच्या वेळेत, भरलेल्या कक्षात चाचणी घ्यावी. शंभरांपैकी किती वेळा खोली व मजला बरोबर दाखविला आणि रुग्णाने उंबरठा ओलांडल्यावर किती सेकंदांनी सूचना मिळाली, एवढेच लिहून घ्यावे. देयकाचा अखेरचा हप्ता त्यानंतरच द्यावा.