वडशास जागा घेतांना

आमच्या एका भाच्यास देसाईगंज ऊर्फ वडसा येथें जागा घ्यावयाची आहे. गडचिरोलीचा नवा लोहमार्ग येथूनच निघावयाचा, सबब भाव चढणार, असें दलाल म्हणतो. तें खरेंही असेल. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्यांनीं गांव असें कांहीं गजबजतें कीं, आम्हांसही तेथें राहावेंसें वाटतें! परंतु दाखविलेली जागा वैनगंगेच्या बाजूची आहे. ऑगस्ट २०२० मध्यें गोसीखुर्द धरणांतून पाणी सोडावें लागलें, तेव्हां काठच्या अनेक गांवांत पूर शिरला. पैसा एकत्र कुटुंबाचा. म्हणून सातबारा पाहण्याआधीं त्यानें शेजारच्या एखाद्या आजीबाईंस, त्या वर्षीं पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलें होतें, तें विचारावें. विसार मागाहून.