विमान उडेल, पण लोड कोण देणार?

विजेवर उडणाऱ्या प्रवासी विमानाची चर्चा बॅटरीपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. यंत्रमागांच्या भिवंडीतल्या माणसाला मात्र पहिला प्रश्न सुचेल तो विजेच्या लोडचा.

‘इव्हिएशन’ कंपनीचे नऊ आसनी ‘ॲलिस’ विमान 27 सप्टेंबर 2022 रोजी अमेरिकेत पहिल्यांदा उडाले, तेही जेमतेम आठ मिनिटे. त्याची बॅटरी आठशे युनिटांच्या आसपासची. ती अर्ध्या तासात भरायची तर सोळाशे किलोवॅटची जोडणी लागेल. साध्या यंत्रमागाला एक अश्वशक्तीची मोटर धरली, तर नऊ प्रवाशांच्या एका विमानापायी दोन हजारांहून अधिक मागांचा लोड झाला. अशी चार विमाने एकाच वेळी उभी राहिली तर?

अर्धा तास हा हट्ट नव्हे. छोट्या मार्गावरचे विमान दिवसभर फेऱ्या मारते तेव्हाच परवडते. दोन तास वायर लावून उभे राहिले की धंदा बुडाला. त्यात उड्डाणाने तापलेली बॅटरी आधी थंड करावी लागते, शेवटचा पाचवा हिस्सा सावकाश भरतो आणि घाईने भरत राहिले तर बॅटरीचे आयुष्य घटते. बॅटरीच बदलावी म्हटले तर काही टनांचे धूड दर फेरीला काढा-घाला, आणि तेही उड्डाणसुरक्षेच्या कसोटीला उतरेल असे. खराब हवेमुळे विमान दुसरीकडे उतरवावे लागले आणि तिथे चार्जर नसला, तर ते तिथेच अडकले.

महावितरणने 26 जानेवारी 2007 रोजी भिवंडीचे वीजवितरण टोरंट पॉवरकडे सोपवले. त्यानंतर रोहित्रे, वाहिन्या, मीटर बदलण्यात वर्षे गेली. जमिनीवरचे हे काम किती चिवट असते, हे या शहराला सांगायला नको. चिपी, जळगाव, नांदेडसारख्या विमानतळांवर मेगावॅटचा फीडर ओढणे त्याहून सोपे असेल, असे मानायला आधार नाही. रात्री, किंवा दुपारी सौरविजेवर, भरून ठेवलेली मोठी बॅटरी धावपट्टीजवळ बसवणे हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग. पण तो स्वस्त नाही.

खरी मेख बिलात आहे. उच्चदाब ग्राहकाला वापरलेल्या युनिटांखेरीज मागणी आकारही पडतो. दिवसाला एक विमान येवो की दहा, सोळाशे किलोवॅटची मागणी नोंदली गेली की तो भरावाच लागतो. तो तिकिटात घालणार, विमानतळ सोसणार, की इतर वीजग्राहकांच्या माथी मारणार? विजेवरच्या हवाई टॅक्सीच्या घोषणा करणाऱ्यांनी आणि राज्य सरकारने पहिल्या उड्डाणाची तारीख सांगण्याआधी याचे आकड्यांनिशी उत्तर द्यावे.