अपूर्णांक : नियम उरला, अर्थ हरवला

भाव एक चतुर्थांशाने वाढले, तर तेवढ्याच पैशांत माल कितीने कमी मिळेल? अर्थशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न विचारला की ‘एक चतुर्थांशाने’ हे उत्तर सर्रास येते. वास्तविक नवा भाव जुन्याच्या ५/४ पट झालेला असतो. एकाला ५/४ ने भागले म्हणजे ४/५ येतात. अर्थात माल एक पंचमांशाने कमी मिळतो. चुकणाऱ्या या विद्यार्थ्यांना ‘भाजक उलटा करून गुणावे’ हा नियम मात्र तोंडपाठ असतो. तो कोठे व का लावावयाचा, एवढेच त्यांना ठाऊक नसते.

हा नियम काही नवा नव्हे. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’तही तो आहे. त्यामागील कारणही अवघड नाही. सहा मीटर कापडातून पाऊण मीटरचे तुकडे किती निघतील? सहा मीटरचे पाव-पाव मीटरचे चोवीस भाग होतात आणि पाऊण मीटरला असे तीन भाग लागतात. म्हणून तुकडे आठ. चाराने गुणून तिनाने भागावयाचे ते यासाठी. एवढे उमगले की ‘भागाकार करूनही संख्या वाढली कशी?’ हा संभ्रम उरत नाही.

संक्षेपाचीही तीच गत. १८/२४ चे ३/४ होतात, कारण अंश व छेद या दोहोंस सहाने भाग जातो. परंतु ‘वरखाली सारखे दिसले की काटावे’ एवढेच शिकलेला मुलगा (३ + ५)/(३ + ७) मधील तीन काटून ५/७ लिहितो. खरे उत्तर ४/५ आहे. समान अवयव आणि समान बेरीज यांतील भेद त्याला कोणी दाखविलेला नसतो.

पूर्वी हा अर्थ व्यवहारच शिकवीत असे. रुपयाचे सोळा आणे होते आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घरोघरी म्हटल्या जात. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. हिशेब सोपा झाला, हे इष्टच झाले. पाठांतराचा तो काळ परत यावा असेही कोणी म्हणणार नाही. परंतु बाजाराने जे काम सोडले ते शाळेने अंगावर घ्यावयास हवे होते. ते पुरेसे घडले नाही.

‘आता गणकयंत्र आहे’, हे यावरील ठराविक उत्तर. यंत्र गुणाकार करील. कशाला कशाने गुणावयाचे, हे सांगणार नाही. तीन भावांच्या सामाईक तीन हेक्टर जमिनीत एकाचा हिस्सा १/३ आहे. त्या हिश्श्याला पत्नी, मुलगा व दोन मुली असे चार समान वारस असतील, तर प्रत्येकीचा वाटा १/३ गुणिले १/४, म्हणजे १/१२, अर्थात २५ आर होतो. ज्या मुलीला हे मांडता येत नाही, तिला कागदावर दहा आर दाखविले तरी ती निमूटपणे सही करील. कायद्याने दिलेला हक्क अशा वेळी केवळ गणिताअभावी हातचा जातो.

यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नियम फळ्यावर लिहिण्यापूर्वी शिक्षकाने कागदाची पट्टी दुमडून दाखवावी आणि परीक्षकाने उत्तराबरोबर एका वाक्यात कारणही मागावे. गुण त्या कारणालाही मिळू लागले, तर विद्यार्थी ते शिकल्यावाचून राहणार नाहीत.